समजुतीचा कागद

मखमलाबाद, नाशिक
२७ ऑक्टोबर २०२४

निकिता,

तू माझा नंबर बंद करून ठेवलास त्याला दोन वर्षं होऊन गेली, म्हणून हे पत्र. तुझा कोल्हापूरचा पत्ता आईनं फराळाचा डबा पाठवला त्या कुरिअरच्या पावतीवर सापडला. तिनं दिला नाही, मीच वाचून घेतला. तिला बोल लावू नकोस.

इकडे ठीक आहे. दसऱ्याला झेंडू चांगला गेला, शेवंतीही बरी आहे. गुडघा दुखतो, पण सकाळी फूलबाजारात अजून मीच जातो.

लिहिण्याचं कारण वेगळं आहे. समाधानची बायको साधना वारली. समाधान म्हणजे आपल्या सहादूचा पुतण्या. तिच्या हळदीला तू आली होतीस. सप्टेंबरच्या एकोणीस तारखेला त्यांच्याच मळ्यातल्या विहिरीत सापडली. मागे पाच वर्षांची मुलगी आहे.

लोक काहीबाही बोलतात, तेव्हा तुला माझ्याकडून कळलेलं बरं. जूनमध्ये साधना माहेरी निघून गेली होती. मग दोन्हीकडची माणसं समाजाच्या बैठकीत आली. मारुतीच्या देवळामागच्या सभागृहात, नेहमीसारखीच बैठक. मी होतो, सहादू होता, आणखी चौघे होते. दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. समाधानला मी सगळ्यांदेखत दम भरला. तिलाही चार शब्द सांगितले, की बाईनं थोडं पडतं घ्यावं, पुरुषाचा राग घटकाभराचा असतो. समजुतीचा कागद मी माझ्या हातानं लिहिला. तिनं वाचून सही केली आणि ती नांदायला गेली. पुढे तीन महिन्यांनी असं घडलं, यात बैठकीनं काय वावगं केलं?

अठ्ठावीस वर्षं मी हे काम करतोय. बहिरूतात्यांनी एकही संसार मोडू दिला नाही, असं गाव म्हणतं, मी म्हणत नाही. पोलिसांनी समाधानला आत घेतलंय, मलाही जबाबाला बोलावलं होतं. जे होतं ते सांगून आलो.

तुझा माझ्यावर राग आहे, तो मला कळतो. पण एक गोष्ट तूही मान्य करशील. तुझ्या बापानं तुझ्या आईवर कधी हात टाकला नाही. ज्याचं स्वतःचं घर नीट असतं, त्यालाच लोक दुसऱ्याच्या घरात बोलावतात.

दिवाळीला यायचं जमलं तर बघ.

तात्या


२४ नोव्हेंबर २०२४

निकिता,

दिवाळीला तू आली नाहीस. आई म्हणाली, सुट्टी नव्हती.

परवा दिंडोरीकडे गेलो होतो, साधनाची आई कुसाबाई हिला भेटायला. नवरा कधीच वारलाय, दुसऱ्याच्या द्राक्षबागेत मजुरी करते. साधनाची मुलगी तिच्याजवळच आहे. तिच्यासाठी एक फ्रॉक घेतला होता. घराला कुलूप होतं, म्हणून विचारत विचारत बागेत गेलो. मणी फुगावेत म्हणून कुसाबाई औषधाच्या मगात एकेक घड बुडवत होती. मला पाहून थांबली नाही.

"बसा म्हनायला हितं काय नाय, तात्या. उभ्यानंच बोला."

मी म्हणालो, "फार वाईट झालं. देवाच्या मनात काय होतं, कोण जाणे."

"देवाला कशाला मधी घेता?"

मग ती पुढचा घड धरून बोलत राहिली. आवाज चढवला नाही. "बैठकीच्या आधी माझी पोर तुमच्या घरी आली व्हती. छायाबाईंना आत नेऊन तिनं पाठ दाखवली. पट्ट्याचे वळ व्हते. एका जागी कातडं उललं व्हतं. तुम्ही ओसरीवर बसले व्हते. मंग त्ये कागदात का नाय आलं?"

"कुसाबाई, तिनंच सही केली ना, माझी काही तक्रार नाही म्हणून."

"सहा बापे बसले व्हते तिच्यासमोर. तिनं कशावर बी सही केली आसती. मी नाय का आंगठा दिला?"

मी म्हणालो, "माझं काही चुकलं असेल तर..."

"आसंल तर?" एवढंच म्हणाली, आणि औषधाचा मग उचलून पुढच्या ओळीत गेली. फ्रॉकची पिशवी मी वेलीच्या खांबाला अडकवून आलो. तिनं घेतली की नाही, माहीत नाही.

घरी आल्यावर तुझ्या आईला विचारलं, साधनानं तुला पाठ दाखवली होती का?

ती फुलं निवडत होती. म्हणाली, "दाखवली होती. मी तेव्हाच तुम्हाला आत बोलावून सांगितलं. तुम्ही म्हणालात, सगळ्यांना चहा टाक."

"मला आठवत नाही."

"मला आठवतं. दहा कप टाकला होता."

मागच्या पत्रात मी लिहिलं, पोलिसांना जे होतं ते सांगितलं. ते तसं नाही. जे कागदावर होतं, ते सांगितलं. फौजदार बाईंनी विचारलं होतं, तात्या, तिच्या अंगावर मारहाणीच्या खुणा होत्या का? मी म्हणालो, माझ्या पाहण्यात नाही. आणि ते खरंच आहे गं. मी पाहिल्या नव्हत्या. मी ओसरीवर बसलो होतो.

तात्या


१८ डिसेंबर २०२४

निकिता,

काल सहादू पेढे घेऊन आला. समाधानला जामीन झाला.

"तात्या, तुमच्या कागदानं पोरगं भाईर काढलं," तो म्हणाला. "वकिलानं तोच कागद पुढं केला. 'माझी पतीविरुद्ध कोणतीही तक्रार नाही, मी गैरसमजातून माहेरी गेले होते.' साहेबांनी दोनदा वाचला म्हने. तुमचा जबाब बी जुळला. तुमचं अक्षर लय सुवाच्य, तात्या."

तुझ्या आईनं त्याच्या हातातला खोका घेतला. मला वाटलं आत नेईल. ती अंगण ओलांडून खताच्या खड्ड्यापर्यंत गेली आणि सगळे पेढे त्यात उपडे केले. सहादू बघत होता. मग हात धुऊन आली आणि पुन्हा प्लास्टिकच्या जाळ्यांत फुलं भरायला बसली.

सहादू मला म्हणाला, "वहिनींना जरा समजवा."

हे वाक्य मी अठ्ठावीस वर्षं ऐकत आलोय. प्रत्येक बैठक याच वाक्यानं सुरू व्हायची. तिला जरा समजवा. आणि मी समजवायचो. काल पहिल्यांदा मला समजवावंसं वाटलं नाही, कारण समजवायचं काय, तेच आठवेना.

मग एक ठरवलं. ज्या बायकांना मी परत नांदायला पाठवलं, त्यांना जाऊन भेटायचं. जेवढ्या आठवतील तेवढ्यांना.

आज पंचवटीत बयाबाईकडे गेलो. ती भाजीबाजारात पालेभाजी विकते. तिला मी दोनदा परत पाठवलं होतं. तू तेव्हा शाळेत होतीस. बैठकीत नवीन जोडपं आलं की मी तिचाच दाखला द्यायचो. बयाबाईला बघा, दोनदा मोडायला आलेला संसार, आज दोन मुलांची लग्नं झाली.

ती मला तिच्या गल्लीतल्या खोलीवर घेऊन गेली. नवरा खाटेवर होता. चार वर्षांपूर्वी त्याला लकवा मारला. ती त्याला खिचडी भरवत माझ्याशी बोलत होती.

मी विचारलं, "बयाबाई, बरं चाललंय ना?"

"झ्याक चाललंय. आता मारत नाय."

मला बरं वाटलं. निकिता, खरंच बरं वाटलं क्षणभर. मग ती चमचा त्याच्या तोंडाशी धरून म्हणाली, "उजवा हात गेला ना त्यांचा."

खाटेवरचा माणूस माझ्याकडे बघत होता. त्याला सगळं कळत होतं.

मी म्हणालो, "मग मला का नाही सांगितलंस? मी बोलावून दम दिला असता."

"सांगितलं ना, दोन येळा. पहिल्यांदा पाठवलं तवा हे सहा महिने भ्यायले व्हते. गेली तर काय करायचं, आसं वाटायचं त्यांना. दुसऱ्यांदा पाठवलं तवा त्यांना पक्कं कळलं, ही कुठं बी गेली तरी तात्या आणून सोडत्यात. मंग कशाला भ्यायचं? उलट मला म्हनायचे, जा ना, जा तुझ्या तात्याकडं."

ती रागावली नव्हती. निघताना तिनं मला मेथीच्या दोन जुड्या दिल्या. नको म्हणालो तर म्हणाली, घ्या, तुमच्या हातून आसरा कधी मिळाला नाय, पण दिला आसता तर घेतला आसता.

गोदाघाटावर बराच वेळ बसून राहिलो. मला आठवत होतं, बैठकीत मी पुरुषाला काय विचारायचो आणि बाईला काय. पुरुषाला एकच प्रश्न, दारू पितोस का? बाईला मात्र, जेवण वेळेवर देतेस का, उलट उत्तर देतेस का, सासूला विचारल्याशिवाय बाहेर जातेस का, माहेरी सारखा फोन करतेस का, त्यानं मारलं त्याच्या आधी तू काय बोललीस? प्रत्येकीला मी हा शेवटचा प्रश्न विचारला. आणि प्रत्येक बाई काही ना काही बोललेली असायचीच. मग मी म्हणायचो, बघ, टाळी एका...

असो. तेच ते बोलून मी म्हातारा झालो. पुन्हा लिहीत नाही.

तात्या


१९ जानेवारी २०२५

निकिता,

आजवर अकरा घरी गेलो. तिघींनी दार उघडलं नाही. एकीच्या थोरल्या मुलानं मला फाटकातूनच परत पाठवलं. म्हणाला, "तुम्ही आईला परत आणून सोडलं तेव्हा मी सात वर्षांचा होतो. मी पलंगाखाली असायचो. चला, निघा." दोघी म्हणाल्या, आमचं चांगलं झालं, तात्या, तुमचे उपकार आहेत. त्या दोघींच्या घरी त्या वेळी नवरे समोर बसलेले होते, म्हणून खरं काय ते मला सांगता येत नाही.

आता जे लिहायचं ते लिहितो. दोन दिवस कागद पुढे घेऊन बसतोय.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. तुझ्या आईवर मी हात टाकला आहे. तुला ठाऊक आहे, हे मला ठाऊक आहे. तरी लिहिलं. वाटलं, एवढी वर्षं कोणी बोललं नाही, तर कदाचित तूही विसरली असशील.

तू नऊ वर्षांची होतीस. घरी पाहुणे होते. मी कुणाच्या तरी लग्नाची तारीख सांगत होतो आणि तुझी आई मधेच म्हणाली, "अहो, ती तारीख नाही, चुकताय तुम्ही." एवढंच. पाहुणे हसले. ते गेल्यावर मी तिला स्वयंपाकघरात मारलं. तू पायरीवर अभ्यास करत होतीस. तू रडली नाहीस. वही मिटलीस आणि फुलांच्या शेडमध्ये जाऊन बसलीस. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी पांढरा सदरा घालून बैठकीला गेलो. तिनंच तो इस्त्री करून ठेवला होता.

एकदाच नाही मारलं. परवा मी तिला विचारलं, मी किती वेळा मारलं असेल गं तुला? ती म्हणाली, "मी नाही मोजलं. निकिताला विचारा."

माझ्या वडिलांना, पुंजाआबांना, आईला मारताना मी बघितलंय. आईच्या तोंडून एकदाही आवाज निघाला नाही. लोक म्हणायचे, काय सोशीक बाई! ती गेली तेव्हाही सगळे हेच बोलले. मलाही तिचा अभिमान वाटायचा. तिला दुखत होतं का, हे मी तिला कधी विचारलं नाही. आज चौसष्टाव्या वर्षी मला हे सुचतंय.

आणि तुझं. २०२१ ची भाऊबीज झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तू रिक्षानं एकटी आलीस. मनगट सुजलं होतं. आई तुला आत घेऊन गेली. मी ओसरीवर बसलो, नेहमीसारखा. मला वाटत होतं, ज्ञानेश शिकलेला आहे, कंपनीत नोकरी आहे, इंदिरानगरात फ्लॅट आहे. मारणारी माणसं अशी नसतात. ती आपल्यासारख्या मळ्यातल्या घरांत असतात, आणि त्यांना माझ्यासारख्यानं समजवायचं असतं. आणि दुसरं असं वाटत होतं, की तात्यांची स्वतःचीच पोरगी घरी बसली, तर उद्या माझ्या बैठकीत कोण येईल?

संध्याकाळच्या आत मी तुला पिकअपमध्ये बसवलं. मागे रिकाम्या जाळ्या होत्या, त्या वाटभर वाजत होत्या. द्वारका चौकात मी तुला उसाचा रस घेऊन दिला. तू तो हातात धरून बसलीस, प्यायली नाहीस. तुमच्या बिल्डिंगखाली ज्ञानेश उभा होता. मी त्याला म्हणालो, "सांभाळून घ्या. पोर जरा हट्टी आहे, लहानपणापासून."

तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि लिफ्टकडे गेलीस. त्यानंतर आठ महिन्यांनी तू त्या घरातून निघालीस, पण आमच्याकडे आली नाहीस. थेट कोल्हापूरला गेलीस. लोकांना मी सांगितलं, मुलीला मोठ्या लॅबमध्ये नोकरी लागली.

माझ्या बैठकीत माझ्यासारखाच बाप समोर आला असता, तर मी त्याला शाबासकी दिली असती.

तात्या


९ मार्च २०२५

निकिता,

गेल्या मंगळवारी मी नवा जबाब दिला. न्यायाधीशांसमोर, शपथेवर.

आधी पोलीस ठाण्यात गेलो होतो. फौजदार बाई म्हणाल्या, "तात्या, विचार करा. पहिला जबाब एक, दुसरा वेगळा. त्यांचा वकील तुम्हाला उभं सोलेल. म्हणेल, म्हातारा आधी खोटं बोलला की आता?"

मी म्हणालो, "आधी."

सगळं सांगितलं. साधना बैठकीच्या आधी माझ्या घरी आली होती, तिच्या पाठीवर वळ होते, माझ्या बायकोनं ते पाहून मला सांगितलं, आणि मी ते कागदात येऊ दिलं नाही. 'गैरसमजातून' हा शब्द साधनाचा नाही, माझा आहे. सगळ्याच कागदांत मी तो घालायचो. ती मला म्हणाली होती, "तात्या, मला परत पाठवू नका, हा माणूस माझा जीव घेईल." मी म्हणालो होतो, असं अभद्र बोलू नये. तुझ्या आईनंही जबाब दिला. ती माझ्यापेक्षा कमी बोलली आणि नीट बोलली.

गावात लगेच कळलं. बैठकीतून माझं नाव काढलं. ते बरंच झालं, पण मी सोडायच्या आधी त्यांनी काढलं, याचं मनाला लागलं. बघ, अजूनही असं लागतं. सहादू घरासमोर येऊन बोलला, "बाईच्या नादी लागून म्हाताऱ्याची मती फिरली. माझ्या पुतण्याला फाशी द्यायला निघालाय." चुलतभाऊ वाल्मीक वाटेत दिसला की मान फिरवतो. लग्नकार्याची बोलावणी येत नाहीत. समाधान बाहेरच आहे. रोज ट्रॅक्टर घेऊन आपल्या बांधावरून जातो. जामीन रद्द व्हावा म्हणून अर्ज केलाय, त्याला तारखा पडतायत. खटला उभा राहायला वर्ष लागेल म्हणतात. तोवर मी टिकलो पाहिजे.

कुसाबाईला सांगायला गेलो. वाटलं होतं, निदान खाली बसा म्हणेल. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जूनमदी ती जिती व्हती, तात्या."

परत येताना मोटरसायकल दोनदा थांबवावी लागली, समोरचा रस्ता दिसेना.

घरी आल्यावर तुझ्या आईला म्हणालो, आता निकितानं ज्ञानेशवर केलेल्या केसमध्येही मी साक्ष देतो. तिनं अडीच वर्षांपूर्वी फोन करून मागितली होती. मनगट मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, ते मी कोर्टात सांगतो. ज्ञानेशला सुटू देत नाही.

आईनं देवापुढचा दिवा लावला. मग म्हणाली, "निकितानं केस काढून घेतली. दोघांच्या संमतीनं घटस्फोटाचा अर्ज टाकलाय, नोव्हेंबरात. काहीही न मागता. साक्षीदारच नव्हता तिच्याकडं."

"नोव्हेंबरात? ती नाशिकला आली होती?"

"आली होती. मी भेटले. तुम्हाला सांगितलं होतं, काळारामाच्या दर्शनाला जाते म्हणून."

तू मला फोन केला होतास तेव्हा मी काय म्हणालो, ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. म्हणालो, "बापाला कोर्टात उभं करणार का तू?" त्यानंतर तू नंबर बंद केलास. मी सगळ्यांना सांगत राहिलो, पोरीनं बापाला टाकलं.

तू पत्रं वाचतेस का, हे मी आईला विचारलं. ती म्हणाली, "फाडत नाही." एवढंच.

तात्या


१७ मे २०२५

निकिता,

बुधवारी तुला साडेतीन वर्षांनी पाहिलं.

आई म्हणाली होती, तुमची तारीख आहे, निकालाची. मी येऊ का, म्हणून विचारलं. ती म्हणाली, कोर्ट सगळ्यांचं आहे. सकाळी अकराला मी जिन्याशेजारी उभा होतो. आकाशी रंगाचा कुडता घातला होतास, केस कापलेस. वकीलबाई तुला काहीतरी सांगत होत्या. ज्ञानेश त्याच्या भावाबरोबर दुसऱ्या बाकावर बसून मोबाईल बघत होता. त्याचं बरं चाललेलं दिसलं. वीस मिनिटांत सगळं आटोपलं.

तू बाहेर आलीस आणि माझ्या अगदी जवळून गेलीस. हाताच्या अंतरावरून. मी हाक मारली, "निकी." तू वळली नाहीस. मला वाटलं, बरोबर आहे, मी तरी का वळलो असतो? तरी पुन्हा जरा मोठ्यानं हाक मारली. जिन्यावरचे लोक बघायला लागले, तू तशीच पुढे गेलीस.

तुझी आई माझ्याजवळ थांबली. मी म्हणालो, "राहू दे. तिला नसेल बोलायचं."

"तिला ऐकूच गेलं नाही," आई म्हणाली. "डाव्या कानानं ऐकू येत नाही तिला. पडदा फाटलाय. ऑपरेशन केलं कोल्हापूरला, उपयोग नाही झाला."

मी विचारलं, "कधी झालं हे?"

निकिता, मी हे का विचारलं? न विचारता राहिलो असतो तर काय बिघडलं असतं?

ती म्हणाली, "तुम्ही तिला खाली सोडून आलात ना, रस घेऊन दिलात, त्याच संध्याकाळी. तुमचं पिकअप वळलं आणि त्यानं दार लावून घेतलं. 'बापाकडं तक्रार केलीस ना, मग बाप काय म्हणाला, ऐकलंस का,' असं म्हणाला आणि मारलं."

तिला हे साडेतीन वर्षं माहीत होतं. माझ्या ताटात वाढत होती, माझा गुडघा शेकत होती, आणि तिला हे माहीत होतं. मी तिला म्हणालो, "मला का नाही सांगितलंस?" हेच मी बयाबाईला विचारलं होतं.

तिच्या खांद्याला मोठी पिशवी होती. सकाळपासून होती, पण माझं लक्ष गेलं नव्हतं. म्हणाली, "मी निकिताबरोबर जाते. डब्यात पिठलं ठेवलंय. शेवंतीला परवा पाणी द्या."

"कधी येशील?"

"ठरवलं नाही."

मी तुमच्या मागोमाग ठक्कर बाजारच्या स्टँडवर आलो. तुम्हाला दिसू नये असा चालत होतो. का, ते मलाही सांगता येणार नाही. कोल्हापूरची गाडी लागलेली होती. तू खिडकीत बसलीस, आई पलीकडे. मग मात्र मी खिडकीखाली येऊन उभा राहिलो. डावी बाजू होती तुझी. तुझं लक्ष समोर होतं.

गेले सात महिने मी कागदावर जे जे लिहितोय, त्यातलं सगळं त्या वेळी बोलावं असं मनात होतं. खूप शब्द गोळा केले होते, वाटेनं म्हणून पाहिले होते. बैठकीत तास तास बोलणारा माणूस मी. गाडीचं इंजिन सुरू झालं, कंडक्टरनं दार ओढलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "पाण्याची बाटली घेतलीस का?"

तू समोरच बघत होतीस.

तुझ्या आईनं मला पाहिलं. तुझ्यावरून खिडकीकडे वाकली आणि म्हणाली, "घेतली." मग गाडी हलली.

तात्या